तलाव पाहायला गेलो, पण तो बांधला कोणी?

मारेगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. कामं आवरून बसला असाल, तर आज एका तलावाची गोष्ट ऐका.

आमचा गट वणी, चंद्रपूर, वडसा करत नवेगावबांधला जाऊन आला. हे गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आपल्याकडे कापूस आणि तूर, तिकडे धान. धानाला पाणी लागतं, म्हणून तिकडे गावोगावी तलाव आणि बोड्या. नवेगावचा तलाव तर सुमारे ११ चौरस किलोमीटरचा, भोवती डोंगर आणि जंगल. पाळीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ पुसट दिसतो.

लोक तिथे सहलीला येतात. नावेत बसतात, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी पाहतात. आम्हीही फोटो काढले. तेवढ्यात गटातल्या एकीने विचारलं, "अगं, हा तलाव देवाने केला की माणसाने?"

तो माणसाने केला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यात तरबेज. पाणी कुठून येतं, पाळ कुठे घालायची, शेतात कसं सोडायचं, हे सगळं त्यांना ठाऊक. आज कोलू पाटील तिथे कोलासूर देव झाले आहेत. डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि या बहिणींनी पाळ बांधायला मदत केली अशी कथा आहे.

ही कथा ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एवढी माती कोणीतरी टोपलीने वाहिलीच असेल ना? त्यात बाया नसतील का? त्यांची नावं कुठे राहिली नाहीत. आम्हाला वाटतं, सात बहिणींच्या गोष्टीत त्याच लपल्या असाव्यात.

पुढे मालगुजारीचा काळ आला. तिकडच्या अशा जुन्या तलावांना अजूनही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. वेठबिगारी सुटली, ते चांगलंच झालं. पण गाळ काढायचा कोणी, पाळ सांभाळायची कोणी, हे गावाच्या हातातून निसटलं. बऱ्याच तलावांत गाळ साचला, बेशरम माजली, मासळी कमी झाली. त्याचा पहिला फटका ढीवर कुटुंबांना बसला. मग त्याच समाजातल्या बायांनी काही तलावांत उतरून बेशरम उपटली आणि माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती लावल्या.

१९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यान झालं. वन अधिकारी मारुती चितमपल्ली तिथे राहिले आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. गावाचं नाव दूरवर गेलं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. धानासाठी बांधलेला तलाव असा पाहण्याचं ठिकाण झाला.

मैत्रिणींनो, पाहुणे यावेत. चहाची टपरी चालावी, चार पैसे मिळावेत. पण उद्या आपल्या गावतलावाच्या काठी बाग करू, नावा सोडू, असं कोणी म्हटलं, तर आधी विचारा: गुरांना पाणी कुठे? धुणं कुठे? मासळी कोणाची? दुकानाचा गाळा गटाला मिळेल का? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, असा आपल्या राज्यात कायदा आहे. हे प्रश्न तिथे मांडा आणि कागदावर लिहून घ्या.

आणि एक काम आजच करा. घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, आपल्या गावचा तलाव, नाहीतर विहीर, कोणी खोदली? माती कोणी वाहिली? नावं सांगेल ती वहीत उतरवून ठेवा. आम्ही आमची वही उघडली आहे.

भेटू पुन्हा. नमस्कार!