नमुनावहीतील जुने दुवे
(मिरजगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर शाळेत खडू झिजविलेला मनुष्य. संगणकाच्या विषयावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. तथापि हा धडा मला प्रथम आपल्या सभासदसूचीनेच शिकविला.

काही वर्षांपूर्वी ती सूची करण्याचे काम मजकडे होते. मी मागील सूचीच उतरवून काढली. घरोघर चौकशी केली नाही. पुढे एका घरी लग्नपत्रिका गेली, ती दीड वर्षापूर्वी निवर्तलेल्या गृहस्थांच्या नावाने. त्या माउलीने मला दोष दिला नाही. पत्रिका पुढे ठेवून एवढेच म्हणाली, "गुरुजी, आता नाव तेवढे काढा."

माझा पुतण्या येथेच घरी बसून संकेतस्थळे तयार करून देतो. त्याने पुण्याच्या एका व्यापाऱ्यास आपला पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांची नमुनावही, दाखविली. तीतील एका जुन्या गिऱ्हाइकाचा दुवा उघडताच पडद्यावर जुगाराची जाहिरात आली. काम हातचे गेले. "काका, मी केले तेव्हा ते उत्तम होते," असे तो म्हणाला. खरेच होते, पण पाहणाऱ्यास ते कसे कळावे?

असे का घडते? संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक वर्षांच्या मुदतीने नोंदवावे लागते. मुदत संपूनही नूतनीकरण झाले नाही, तर ते नाव पुढे दुसरा कोणीही घेऊ शकतो. जुन्या नावलौकिकाचा लाभ उठविण्यासाठी टपून बसलेले लोकही असतात. कधी गिऱ्हाइकाचे दुकानच बंद होते. कधी मालक दुसऱ्या कारागिराकडून सर्व नव्याने करून घेतो. मग नकळत आपण दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून दाखवितो. हे तर अधिकच लाजिरवाणे होय.

मोठ्यांचीही हीच गत आहे. लाखो लोकांची पाने सांभाळणारी जिओसिटीज ही अमेरिकेतील सेवा याहू कंपनीने २००९ साली बंद केली. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती.

तेव्हा तरुणांनो, काम पुरे होईल त्याच दिवशी मुख्य पानांचे स्क्रीनशॉट घ्या. ते दाखविण्यास गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्या. खाली साल लिहा आणि त्यातील आपले काम नेमके कोणते, तेही लिहा. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेचे 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांस खुले आहे. तेथे पानाची तारीखवार प्रत जतन करता येते. दर तीन महिन्यांनी प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहा. दुवे तपासणारी साधने आहेत. परंतु ती पान नाहीसे झाले असता '४०४' असा इशारा देतात, जुगाराचे पान मात्र त्यांना चालू दुवाच वाटते. तेथे आपलेच डोळे हवेत. दुवा निकामी झाल्यास तो काढा, चित्र ठेवा, आणि 'हे संकेतस्थळ आता चालू नाही' अशी स्वच्छ नोंद करा.

मिरजगावच्या मुलाचे पुण्यामुंबईत दुकान नाही, ओळखपाळख नाही. त्याची साक्ष देणारी एवढी एक वहीच आहे; तिने खोटी साक्ष देऊ नये.

पुतण्याने बावीसांपैकी नऊ दुवे काढले. तो व्यापारी परत आला नाही. परंतु आता वही दाखविताना पुतण्याचा हात अडखळत नाही. मीही यंदाच्या सूचीसाठी घरोघर फिरलो आहे. पहिले पाऊल त्या माउलीच्या उंबऱ्यावर टाकले. आपल्या घरी काही फेरबदल झाला असल्यास आजच कळवावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.