हरवलेला मेळ आणि भोवतालची आठवण

श्रोतेहो, पनवेलच्या वडाळे तलावात काठाजवळ खडा टाकला, तर तरंग उठतात, काठावर आपटतात आणि काही माघारी येतात. तोच खडा भर समुद्रात टाकला, तर तरंग गेले ते गेले. या दोन पाण्यांतल्या फरकाचे मोल क्वांटम विज्ञानात फार मोठे आहे. ते कसे, ते पाहू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि संरक्षण संशोधन संघटनेच्या पुण्यातील प्रयोगशाळेने मिळून 2024 साली 6 क्यूबिटांचा क्वांटम प्रोसेसर चालवून पाहिला. आता क्यूबिट म्हणजे काय? साध्या संगणकात एका जागी शून्य असते, नाही तर एक. क्यूबिटात या दोन्ही अवस्था ठरावीक मेळ राखून एकत्र नांदतात. या मेळाला सुसंगती म्हणतात. सारी करामत त्या मेळाची! पण तो फार नाजूक. म्हणून हे क्यूबिट उणे 273 अंशांच्या जवळपास थंड ठेवतात. तरीही भोवतालचा धक्का लागतोच, आणि सेकंदाच्या अगदी अल्प अंशात मेळ बिघडतो.

मग तो मेळ नाहीसा होतो का? तसे नाही. त्याची माहिती भोवताली पांगते. भोवताल समुद्रासारखा असेल, तर ती परत येत नाही. तलावासारखा असेल, तर थोडी माघारी येते. अशा भोवतालाला ‘स्मृती’ आहे, असे शास्त्रज्ञ म्हणतात.

भोवताल आपली चाल लवकर बदलत नसेल, तर ही स्मृती आणखी एका तऱ्हेने कामी येते. एर्विन हान या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1950 साली अणुकेंद्रांवरच्या प्रयोगात ते दाखवले. शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या मैदानावर त्याची नक्कल करून पाहावी. मुलांना एका रेषेवरून, प्रत्येकाला आपापल्या वेगाने, चालायला सांगा. रांग मोडेल. मग शिट्टी वाजवून सर्वांना मागे वळवा. वेग तोच राहिला, तर जायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात सारी मुले एकदम रेषेवर येतील. पण वाटेत वेग बदलत राहिले, तर शिट्टीचा काही उपयोग नाही.

क्यूबिटलाही अशीच शिट्टी, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींचा एक ठोका, देतात. भोवतालचा त्रास सावकाश बदलणारा असेल, तर मोडलेला मेळ पुष्कळसा पुन्हा जमतो. क्षणोक्षणी बदलणारा असेल, तर जमत नाही. तेव्हा, श्रोतेहो, नुसता क्यूबिट चांगला असून भागत नाही. त्याचा शेजार कसा आहे, आणि त्या शेजाराला किती वेळ आठवण राहते, हेही मोजावे लागते.