नाक पुसण्याआधी विचारा

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी अंगणवाडी. साडेतीन वर्षांची मुलगी आईचा पदर सोडत नाही. आईला घरी जाऊन विड्या वळायच्यात. सेविका मुलीला ओढत नाही. खाली बसते, तिच्या नजरेला नजर देते आणि घरच्याच तेलुगूत म्हणते, "रा अम्मा, कूर्चो." ये बाळा, बस. पदरावरची मूठ जरा सैल होते.

हे कसब शिकावं लागतं, आणि शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डी गावी गेल्या, सोबत सहकारी अनुताई वाघ. तिथल्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणार कुणाला? शंख-शिंपले, बिया, पानं हाताशी होतीच. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. शिक्षिकाही तिथे मुलांमध्ये राहूनच घडल्या.

आजच्या सेविकेला आहार, लसीकरण, नोंदी, शिवाय पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप. त्यात प्रशिक्षण म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून भाषण ऐकणं असेल, तर हातात काय उरणार? त्यापेक्षा दोन सेविकांनी जोडीनं सराव करावा. एकीनं मुलाचं नाक पुसण्याआधी "पुसू का?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. दुसरीनं फक्त बघायचं, ती खरंच थांबली का. मग अदलाबदल.