डोंगर म्हणजे बर्फ नव्हे



रसायनीत आमच्या गच्चीवर उभं राहिलं, की पश्चिमेला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. पूर्वेला इर्शाळगडाचा सुळका, त्याच्या डावीकडं प्रबळगडाचा लांबरुंद माथा आणि दक्षिणेला माणिकगड. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, एवढं मात्र जोडायला हवं. गावाचं नावच रसायनी आहे. माझी नोकरीही इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. तेव्हा आज मी प्राण्यांवर बोलणार म्हटल्यावर घरच्यांनाच हसू आलं. पण विषय नातीनं दिला आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत ती आली ती लॅपटॉप घेऊनच. त्यावर एक खेळ आहे, 'प्लॅनेट झू'. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्स या कंपनीनं तो २०१९ च्या नोव्हेंबरात आणला. खेळणाऱ्यानं प्राणिसंग्रहालय बांधायचं. जमीन उचलून टेकडी करायची, तळं खणायचं, झाडं लावायची, रखवालदार आणि पशुवैद्य नेमायचे. प्रत्येक प्राण्याच्या गरजा पडद्यावर दिसतात: माती किती हवी, कातळ किती, बर्फ किती, गारवा किती. गरज भागली नाही की पट्टी लाल होते. कंपनी अधूनमधून नव्या प्राण्यांचे संच वेगळे विकते. नातीच्या मैत्रिणींचं त्या दिवसांत एकच चाललं होतं: डोंगरातल्या प्राण्यांचा संच निघाला, तर त्यात कोण कोण असावं? तशी यादी करून कंपनीला सुचवायची.

तिच्या वहीत पहिली तीन नावं खोडलेली होती. हिमबिबट्या, लाल पांडा, हिमालयातलं तपकिरी अस्वल. तिघंही खेळात पहिल्यापासून आहेत.

"आबा, अजून कोण राहतं हो डोंगरात?"

मी म्हटलं, "गच्चीवर चल, दाखवतो."

तिनं कर्नाळ्याकडं पाहिलं आणि सरळ निकाल दिला, "आबा, ही तर टेकडी आहे. डोंगरावर बर्फ असतो."

तिला दोष देण्यात अर्थ नाही. चित्रांच्या पुस्तकांपासून चॉकलेटच्या वेष्टनापर्यंत डोंगर म्हटलं की पांढरी टोपीच दाखवतात. मोठ्यांचीही अशीच गल्लत होते. २०१६ साली मुंबईच्या राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हा कितीतरी जणांना वाटलं की हे बर्फातले पक्षी. प्रत्यक्षात ते पेरू आणि चिलीच्या कोरड्या, खडकाळ किनाऱ्यावरचे. बर्फ त्यांच्या वाट्याला येतच नाही. त्यांना लागतं थंड समुद्राचं पाणी. बर्फाळ डोंगरातले प्राणी पाहायचेच तर दार्जिलिंगला जावं. तिथलं प्राणिसंग्रहालय १९५८ पासून सुमारे सात हजार फुटांवर आहे आणि हिमबिबट्यांची, लाल पांडांची पैदासही तिथं होते. डोंगरातले प्राणी डोंगरातच ठेवलेले, हे मला पटतं.

आपला सह्याद्री वेगळ्या घडणीचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला, म्हणून वर सपाट सडा, बाजूला सरळ तुटलेला कडा आणि मधे झाडीची पट्टी. त्यावर चार महिने पाऊस. खेळाच्या भाषेत सांगायचं तर बर्फ शून्य टक्के, कातळ भरपूर आणि पावसाची पट्टी जूनपासून पार टोकाला. असा डोंगर बांधायला घेतला, की पाहुणेही वेगळे येणार.

पहिलं नाव मी शेकरूचं दिलं. आपल्या राज्याचा प्राणी, आणि आपल्या तालुक्याचा जवळजवळ शेजारीच. कर्जतमधल्या खांडसहून शिडीघाटानं किंवा गणेश घाटानं चढून गेलं की भीमाशंकरचं जंगल लागतं. १९८५ साली झालेलं हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. शेकरू म्हणजे खारच, पण शेपटीसकट जवळपास मीटरभर लांब, वजन दोन किलोच्या आसपास. तांबूस-तपकिरी पाठ, फिकं पोट. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवतं, कधी या घरट्यात तर कधी त्या. एका उडीत वीस फुटांचं अंतर सहज तोडतं. जमिनीवर मात्र सहसा उतरत नाही.

हे ऐकून नातीनं लगेच एक आवार आखलं. मधे हिरवळ, कडेनं ठरावीक अंतरावर झाडं, महापालिकेच्या बागेसारखी. मी म्हटलं, तुझं शेकरू एका झाडावर अडकून पडलं. त्याला झाडं नकोत, फांद्यांना भिडलेल्या फांद्या हव्यात. या आवाराची मोजणी जमिनीच्या चौरस फुटांत करून भागत नाही. वरचा छपरासारखा पाला अखंड आहे का ते बघावं लागतं. खऱ्या जंगलात रस्ता रुंद केला, मधली चार झाडं गेली, की हीच अडचण होते. फक्त तिथं लाल पट्टी दिसत नाही.

दुसरं नाव तिला मुळीच आवडलं नाही. गिधाड. "ई, आबा!"

पण कड्याचा खरा रहिवासी तोच. लांब चोचीचं गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर, कपारीत घरटं करतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला एकदा ओहोटी लागली की सावरणं कठीण. आणि ओहोटी कसली, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. रोग असेल, अन्न कमी पडलं असेल, असे तर्क बरीच वर्षं चालले. २००४ साली कारण छापून आलं: डायक्लोफिनॅक. गुरांना दुखण्यावर द्यायचं औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. सगळीच मढी विषारी असावी लागत नाहीत, शंभरातलं एखादंही पुरे. कारण एका मढ्यावर गिधाडं डझनांनी बसतात. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्यायही सापडला.

माझा जन्म रसायनांत गेल्यामुळं असेल, पण इथं मी जरा जास्तच रमलो. नातीला म्हटलं, तुझ्या खेळात पशुवैद्य आहेच. त्याच्यासमोर दोन बाटल्या ठेव. आजारी गाईला कुठलं औषध द्यायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. चुकीची बाटली उचलली तर गाय बरी होईल, पैसेही वाचतील, आणि काही दिवसांनी कड्यावरची गिधाडं एकेक करून माना टाकतील. कारण पडद्यावर दाखवायचं नाही. खेळणाऱ्यानं शोधून काढायचं. ही कल्पना मात्र तिनं वहीत लाल शाईनं लिहिली. आपल्याच रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी गिधाडं राखली, हे मी सांगितलं, तेव्हा "ई" जरा कमी झालं होतं.

घोरपडीला लगेच मंजुरी मिळाली. सिंहगडाचा कडा घोरपड लावून चढल्याची गोष्ट तिला शाळेपासून पाठ. ती गोष्ट खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. पण या खेळात चढता न येणारं कुंपण निवडायची सोय आहे आणि घोरपड आल्यावर त्या सोयीची परीक्षा होईल, यावर आमचं एकमत झालं.

शेवटी मी माझा लाडका उमेदवार काढला, देवगांडूळ. दिसायला गांडूळ, पण पाठीला कणा, तोंडात दात. बेडकाच्या गोतावळ्यातला, पाय नसलेला. यातली एक जात १९६० साली शास्त्राच्या वहीत नोंदली गेली ती खंडाळ्याच्या नावावर. म्हणजे आपल्या खोपोलीच्या डोक्यावरच. मातीत राहतो, पावसाळ्यात क्वचित वर येतो, आणि सापाचं पिल्लू समजून लोक त्याला ठेचतात.

"पण आबा, मातीत राहणाऱ्याला बघायला तिकीट कोण काढेल?"

मी म्हटलं, मातीचा उभा छेद काचेमागं ठेवायचा. वर्षभर नुसती माती दिसेल. जूनच्या पहिल्या पावसात दिसला तर दिसला. ती म्हणाली, "आबा, तुमचं झू बुडणार."

बोलता बोलता तिनं माउस फिरवून दोन मिनिटांत एक कडा उभा केला होता. उंची आवडली नाही म्हणून तो पुसला आणि दुसरा काढला. मी काही बोललो नाही. समोर इर्शाळगड होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या अंगाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी होती. वरच्या रानात कुठलं जनावर कुठल्या महिन्यात कुठं उतरतं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. आमच्या यादीत त्यांचे शब्द असायला हवे होते.

यादी अजून कंपनीकडं गेलेली नाही. शेकरू, दोन्ही गिधाडं, घोरपड आणि माझ्या हट्टासाठी देवगांडूळ, एवढी नावं पक्की आहेत. बिबट्या आम्ही मुद्दाम घेतला नाही. त्याची जाहिरात पुष्कळ झाली. श्रोतेहो, तुमच्या गावच्या डोंगरात आणखी कुणी राहत असेल, तर या केंद्राच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. पुस्तकातलं नाव माहीत नसलं तरी चालेल. तुमच्या वाडीत त्याला ज्या नावानं हाक मारतात, तेच लिहा.