शिंपला आणि केवडा : दोन आश्रितांचा जमाखर्च



मी कापडाचा व्यापारी. जीवशास्त्रात माझा अधिकार नाही. वाणिज्य शाखेत शिकलेली जमाखर्चाची रीत दोन जीवांना लावून पाहावी, एवढाच आजचा हेतू. एक गोड्या पाण्यातील शिंपला, दुसरा द्राक्षवेलीवरील केवडा, ज्याला बागायतदार ‘डाऊनी’ म्हणतात.

दोघेही प्रारंभी पराश्रित. शिंपल्याची सूक्ष्म पिल्ले माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही आठवडे तेथे वाढतात आणि गळून तळाशी स्थिरावतात. पुढे शिंपला पाणी गाळून पोट भरतो व त्यातच नदीची सेवा घडते. केवड्याचे बीजाणू पानावरील पाण्याच्या थरात पोहत पर्णरंध्रांतून आत शिरतात. वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी लव. तो जिवंत वेलीवरच जगतो आणि तिलाच क्षीण करतो. ऑक्टोबर २०१९ च्या अवकाळी पावसानंतर नाशिकच्या बागांनी हे दुःख सोसले आहे. एकाने भांडवल उसने घेऊन व्यवहार उभा केला. दुसरा मुद्दलच खात राहिला.

परंतु केवड्यास दोष देण्यापूर्वी मनुष्याचे खातेही तपासावे. १८७८ च्या सुमारास हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला, तो माणसाने नेलेल्या वेलींबरोबर. केवड्याला विवेक नाही, आपणांस आहे. १८९१ मध्ये अमेरिकेतील मस्कॅटीन गावी जॉन बोपल यांनी नदीच्या शिंपल्यांपासून बटणे करण्याचा धंदा आरंभला. पुढे तो इतका फोफावला की मिसिसिपीतील शिंपल्यांचे साठे रोडावले. आपल्या शास्त्रांनी शिंपल्यास द्वीन्द्रिय म्हटले आहे. त्यास स्पर्श आहे, रसना आहे. माझ्या वडिलांच्या दुकानातही शिंपल्याची बटणे असत. डझनाचा भाव आम्ही वहीत लिहिला, जीवांची संख्या कधी लिहिली नाही. ही खंत आज आपणांपुढे मांडतो.

शेतकऱ्यास पीक वाचविण्यासाठी फवारणी करावी लागते. ती उद्योगी हिंसा होय. तिलाही मर्यादा हवी. केवळ शोभेसाठी होणारी हिंसा मात्र आपण सहज टाळू शकतो.

आपली संस्थाही पन्नास वर्षे समाजाच्या आश्रयाने वाढली. घेतलेल्या आधाराची परतफेड तिच्या हातून निरंतर घडो, हीच प्रार्थना.