पाण्याची वाटणी आणि विश्वेश्वरय्या
(अभियंता दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते कावेरीवरील कृष्णराजसागर. १९१२ ते १९१८ या काळातील म्हैसूर संस्थानच्या दिवाणपदामुळे त्यांची कीर्ती देशभर पसरली, हे खरेच. परंतु अभियंता म्हणून त्यांची घडण झाली ती महाराष्ट्रात. १८८४ पासून १९०८ पर्यंतची चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली आणि त्यांतील पुष्कळसा काळ खानदेश, नाशिक व पुणे या भागांत व्यतीत झाला. नदी कशी अडवावी याबरोबरच अडविलेले पाणी कोणाला, किती व केव्हा द्यावे, हा प्रश्नही त्यांच्यापुढे याच मुलखात उभा राहिला.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी नंदी पर्वताच्या परिसरातील मुद्देनहळ्ळी या लहानशा गावी झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. बंगळूर येथे मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी पदवीपर्यंतचे शिक्षण पुरे केले. पुढे म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. दुसऱ्याच वर्षी साहाय्यक अभियंता म्हणून ते सरकारी सेवेत रुजू झाले.

आरंभीच्या काळातच त्यांच्यावर एक अवघड काम सोपविण्यात आले. आजच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात दातर्ती नावाचे गाव आहे. तेथे पांझरेच्या खोऱ्यात पाटाचे पाणी प्रवाहाखालून पलीकडे नेण्यासाठी नळांचा सायफन बांधावयाचा होता. पावसाळ्याचे दिवस, पात्रात लोटणारे पाणी आणि वाळू यांच्याशी झगडत या तरुण अभियंत्याने ते काम तडीस नेले.

ज्या पांझरेकाठी हे काम झाले, तो प्रदेश पाणीवाटपाच्या एका प्राचीन परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. पांझरा, मोसम, आरम आदी नद्यांवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांखाली फड पद्धती चालत आली आहे. या पद्धतीत बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात. त्या प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढील वर्षी त्यात पालट करावयाचा, असा दंडक असतो. शेतकऱ्याचे शेत बहुधा प्रत्येक फडात थोडे थोडे असते. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झीज सर्वांनाच सारखी सोसावी लागते. पाणी देण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागल्या, अशी माणसे गावच नेमतो. सरकारी हुकमाविना ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण तिचे नियम पाणी घेणाऱ्यांनीच ठरविलेले होते.

१८९९ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील कालव्यांची जबाबदारी विश्वेश्वरय्यांकडे आली, तेव्हा तेथील चित्र अगदी उलटे होते. भाटघरच्या धरणामुळे नीरा डाव्या कालव्यास पाण्याचा आधार मिळाला होता. पण पाऊस बरा झाला की कोरडवाहू शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे आणि पावसाने डोळे वटारले की सगळ्यांची मागणी एकदम येई. मधल्या काळात कालव्याजवळचे ऊस बागायतदार हवे तेवढे पाणी घेत. परिणामी एकीकडे जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या, तर दुसरीकडे कालव्याच्या शेपटाकडील गावे तहानलेली राहिली. पाणी एकच, पण ते एका रानाला नासवीत होते आणि दुसऱ्या रानाला पोहोचतच नव्हते.

यावर विश्वेश्वरय्यांनी जो उपाय योजला तो ‘ब्लॉक पद्धती’ या नावाने ओळखला जातो. कालव्याचा लाभ मोजक्या गावांत न साठविता अनेक गावांत विभागून द्यावा. प्रत्येक गावी जमिनीचे ठराविक ब्लॉक आखावेत. ब्लॉकाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि उरलेल्या क्षेत्रात कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यावीत. काही वर्षांच्या मुदतीने पाण्याची हमी द्यावी आणि ते ठरलेल्या पाळीने सोडावे, असे तिचे स्वरूप होते. पिकांचा पालट, पाण्याची पाळी आणि लाभाची विभागणी ही तिन्ही तत्त्वे फडातही आहेत, हे सहज लक्षात येते.

ही योजना शेतकऱ्यांना प्रथमदर्शनी रुचली नाही आणि त्यात नवल नव्हते. मुदतीचा करार केल्यावर पाऊस चांगला झाला तरी पाणीपट्टी चुकत नव्हती. मुबलक पाण्याची सवय झालेल्या बागायतदारास तर आपल्या हक्कावरच घाला पडतो आहे, असे वाटले. म्हणून ही पद्धती लोकांना समजावून सांगणे, हाच तिच्या अंमलबजावणीचा महत्त्वाचा भाग ठरला.

याच काळात खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी आपली स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ही दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविण्याची ही युक्ती पुढे अन्यत्रही उपयोगात आली. पण दारे आपोआप उघडतात, पाण्याची न्याय्य वाटणी मात्र आपोआप होत नाही. तिला माणसांची संमती लागते.

पुढे १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या पूरनियंत्रणाची योजना, मग म्हैसूर, असे त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारत गेले. नव्वदीच्या उंबरठ्यावर, १९५१ साली, त्यांनी आपल्या कार्यजीवनाच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. आपण कोठे काय बांधले, अडचणी कोणत्या आल्या, हे त्यांनी त्यांत नोंदवून ठेवले. त्यामुळे मुंबई इलाख्यातील जुन्या जलव्यवस्थेच्या इतिहासाचे ते एक मोलाचे साधन झाले आहे. आपल्या कामाचा वृत्तान्त पुढील पिढीच्या हाती देणे हेही अभियंत्याचे कर्तव्यच होय.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही भंगले. विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते. शंभर वर्षे पूर्ण करून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. दगडचुन्याची कामे कधी ना कधी जीर्ण होतात, कधी वाहूनही जातात. मात्र त्यांनी हाती घेतलेला प्रश्न संपलेला नाही. ब्लॉक पद्धती आली तरी उसाची ओढ थांबली नाही आणि शेपटाकडील शेतकऱ्याचे गाऱ्हाणेही मिटले नाही. नियम सरकारचा होता आणि पाणी गावाचे. या दोहोंतील अंतर बुजले नाही, हे त्याचे एक मोठे कारण मानावे लागेल.

२००५ साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले. विश्वेश्वरय्यांचा हिशेब आणि पांझरेकाठच्या गावांची एकजूट या दोन्ही गोष्टी या तत्त्वात एकत्र आल्या आहेत. कालव्याच्या शेवटच्या शेतात पाळीचे पाणी ठरल्या दिवशी पोहोचते की नाही, यावरच त्यांचे यश मोजले जाईल. आपापल्या कालव्यावर हे पाहण्याची जबाबदारी प्रत्येक अभियंत्याने आणि प्रत्येक पाणीवापर संस्थेने उचलावी, हीच त्या शतायुषी कर्मयोग्याला वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.