धडा पाठ आहे, पण वाचता येतोय का?

मागच्या पावसाळ्यात आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बचत गोळा होईपर्यंत चौथीतल्या एका मुलीने पुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला. आईला केवढं कौतुक! आमच्यातल्या एकीने सहज मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणता गं?" पोरगी गप्प. धडा पाठ होता, वाचता येत नव्हता.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं म्हणून 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. शाळेत तक्ते आहेत, कार्डं आहेत. पण सगळे हसतील म्हणून ही वर्गात तोंडच उघडायची नाही. मग तिचं अडतंय कुठे, हे सरांना तरी कसं कळावं?

आम्ही आधी मोबाइल सुचवला, ते चुकलंच. व्हिडिओतली बाई वाचायची, ही मागून म्हणायची. पुन्हा पाठांतर!

मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एसटीच्या पाट्यांवरची नावं लिहिली. 'मंचर' सोपं, नुसता अनुस्वार. मग काना-मात्रांचं 'घोडेगाव', वेलांटीचं 'डिंभे', शेवटी जोडाक्षराचं 'जुन्नर'. गावं ओळखीची, त्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही. कार्डं पत्त्यांसारखी पिसली की पाठांतरही चालत नाही. तरी ती पहिलं अक्षर बघून ठोकून द्यायची. म्हणून 'नारायणगाव'शेजारी 'नारोडी' ठेवलं. तेव्हा कुठे ती शेवटपर्यंत बघायला लागली.

आई म्हणाली, "ताई, मला कुठं वाचता येतंय?" आम्ही म्हटलं, ऐकता तर येतं ना? रोज चुलीपाशी दहा मिनिटं बसवा. अडली तर थांबा. "एवढंही येईना का?" म्हणायचं नाही, आणि मोठ्या भावाला मधे सांगू द्यायचं नाही. हे भावाचंच सगळ्यात अवघड गेलं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत गटाचं इतिवृत्त तिनेच वाचलं. 'कर्जवाटप'च्या रफाराला अडखळली. कुणी काही बोललं नाही. तिने पुन्हा सुरुवात केली, "क... कर्ज... कर्जवाटप." पुढच्या ओळीत थकलेल्या हप्त्यांची नावं होती, आणि पहिलंच नाव तिच्या आईचं. तिने तेही मोठ्याने वाचलं.

आईच आधी हसली. म्हणाली, "हिला शिकवलं ते माझ्याच अंगाशी आलं की!"